चप्पल-कॅटलॉग: रुंदी-उंचीऐवजी ओळीच्या दिशेने मापं (प्रकल्प नोंदी)

४ ऑगस्ट २०२५

कोल्हापुरातल्या चप्पल कारागिरांच्या एका गटाचा कॅटलॉग. मराठी, इंग्रजी, उर्दू आणि जपानी अशा चार भाषा. मराठी-इंग्रजी डावीकडून उजवीकडे, उर्दू उजवीकडून डावीकडे. जपानी पानावर मालाचं वर्णन उभ्या ओळींत हवं आहे: ओळ वरून खाली जाणार आणि पुढची ओळ तिच्या डावीकडे बसणार. मापांचा तक्ता आणि किंमत मात्र जपानीतही आडवीच. चारही भाषांना एकच स्टाइलशीट (वेब पानाची मांडणी ठरवणारी सीएसएस फाइल), भाषेगणिक वेगळी फाइल नाही.

सध्याच्या स्टाइलशीटमध्ये सगळीकडे 'विड्थ' आणि 'हाइट'. वर्णनाच्या चौकटीला कमाल रुंदी ३४एम (१ एम म्हणजे चालू अक्षराचा आकार) दिली आहे, कारण त्याहून लांब ओळ वाचताना डोळा पुढच्या ओळीवर नेमका उतरत नाही. चौकटीचा रायटिंग-मोड, म्हणजे ओळींची दिशा, व्हर्टिकल-आरएल (उभ्या ओळी, उजवीकडून डावीकडे) केला की हाच आकडा ओळीची लांबी सोडतो आणि किती ओळी शेजारी-शेजारी मावतील ते ठरवू लागतो. ओळ वाटेल तेवढी लांब होते. आकड्यात काही चूक नाही, तो चुकीच्या अक्षाला बांधलेला आहे.

उपाय म्हणजे लॉजिकल, ओळीच्या दिशेने मोजणाऱ्या प्रॉपर्टी: इनलाइन-साइझ ओळीच्या लांबीच्या दिशेचं माप, ब्लॉक-साइझ ओळी रचत जातात त्या दिशेचं. जोड्या अशा: हॉरिझॉन्टल-टीबीमध्ये (नेहमीच्या आडव्या ओळी) इनलाइन-साइझ म्हणजे रुंदी, ब्लॉक-साइझ म्हणजे उंची. व्हर्टिकल-आरएल किंवा व्हर्टिकल-एलआरमध्ये इनलाइन-साइझ म्हणजे उंची, ब्लॉक-साइझ म्हणजे रुंदी. मिन आणि मॅक्सच्या चारही प्रॉपर्टी याच हिशेबाने फिरतात. 'डायरेक्शन: आरटीएल'ने यातलं काहीच बदलत नाही. उर्दूची ओळ उलटी धावते, पण आडवीच राहते, त्यामुळे मापं तीच. बदलतात ते फक्त सुरुवात आणि शेवट, म्हणजे मार्जिन, पॅडिंग, बॉर्डर यांच्या बाजू. उर्दूसाठी मापांना हात लावायचा नाही, हे आजच लिहून ठेवतोय. 'आरटीएल आहे म्हणून विड्थ बदला' असं एक जुनं काम यादीत होतं, ते काढून टाकलं.

५ ऑगस्ट

शोधा-आणि-बदला पद्धतीने सगळ्या 'विड्थ'च्या जागी 'इनलाइन-साइझ' टाकायची नाही. प्रत्येक मापापाशी थांबून एकच विचारायचं: हे माप मजकुरासाठी आहे की वस्तूसाठी? ओळीची लांबी, बटणाची किमान जाडी, मजकुराची चौकट, बाजूची टीप ही मजकुराची मापं, ती ओळीबरोबर वळली पाहिजेत. चपलेचा फोटो, गटाचं बोधचिन्ह, पडद्याला चिकटलेली वरची पट्टी, क्यूआर कोड या वस्तू. ओळ उभी झाली म्हणून चप्पल आडवी होत नाही. त्यांची विड्थ-हाइट जशी आहे तशी राहील, आणि शेजारी शेरा असेल: 'मुद्दाम भौतिक'. शेरा नसलेली भौतिक मापं म्हणजे अजून न तपासलेली.

६ ऑगस्ट

वर्णनाची चौकट लागली. जपानीसाठी नियम:

रायटिंग-मोड: व्हर्टिकल-आरएल
इनलाइन-साइझ: मिन(३२एम, ८५एसव्हीएच)
मॅक्स-ब्लॉक-साइझ: १००%
ओव्हरफ्लो: ऑटो

३६० बाय ६४० च्या फोनवर ॲड्रेस बार उघडा असताना ५६० पिक्सेल उंची मिळते असं धरलं, तर ८५एसव्हीएच (बार उघडा असतानाच्या उंचीचे ८५%) म्हणजे ४७६ पिक्सेल. १६ पिक्सेलच्या अक्षरात ३२एम म्हणजे ५१२. 'मिन'मुळे लहान आकडा, ४७६, लागतो आणि एका ओळीत २९ अक्षरं बसतात. एसव्हीएचऐवजी साधं व्हीएच (बार लपल्यावरची उंची धरणारं) वापरलं तर ॲड्रेस बार दिसत असताना ओळीचं खालचं टोक पडद्याबाहेर जातं, आणि उभ्या मजकुरात प्रत्येक ओळीसाठी पान खाली-वर करत वाचावं लागतं.

इनलाइन-साइझ ऑटो ठेवली तर काय होतं हेही पाहिलं. आडव्या पानात उभी चौकट बसवली की तिच्या ओळीला उपलब्ध जागा किती, हे पालकाकडून (तिला सामावणाऱ्या बाहेरच्या चौकटीकडून) कळत नाही, कारण पालकाची उंची ऑटो असते. अशा वेळी ब्राउझर जवळच्या स्क्रोल-चौकटीची किंवा पडद्याची उंची घेतो. निकाल बरा दिसतो, पण तो आपण ठरवलेला नसतो. शिवाय पुढे आतल्या फोटोला टक्क्यांत माप द्यायचं तर निश्चित आकडा लागतोच.

सरकवायची सोय कुठे ठेवायची, हा यातला खरा नाजूक भाग. उभा मजकूर आतल्या चौकटीत आणि ओव्हरफ्लो (न मावलेला मजकूर सरकवण्याची सोय) बाहेरच्या आडव्या वेष्टनावर, अशी रचना केली तर पान उघडल्यावर वाचकाला लेखाचा शेवट दिसतो. पालक आडवा आणि डावीकडून सुरू होणारा, म्हणून लांब चौकट डाव्या कडेला टेकते आणि उजवीकडे बाहेर पडते. व्हर्टिकल-आरएलची पहिली ओळ तर अगदी उजव्या टोकाला! रायटिंग-मोड आणि ओव्हरफ्लो एकाच एलिमेंटवर असले की सरकण्याची सुरुवात त्याच्या स्वतःच्या दिशेने, म्हणजे उजवीकडून, होते. मग स्क्रोललेफ्ट (आडवं किती सरकलं त्याचा आकडा) उजव्या टोकाला ० असतं आणि डावीकडे जाताना ऋण होत जातं. 'पुढे' बटणाच्या स्क्रिप्टमध्ये ते शून्याहून मोठं आहे का अशी तपासणी होती, ती आता निरपेक्ष किमतीवर.

७ ऑगस्ट

टक्क्यांबाबत दोन गोष्टी.

पॅडिंग आणि मार्जिनचे टक्के चारही बाजूंना पालकाच्या इनलाइन-साइझवरून मोजले जातात. आडव्या पानात म्हणूनच पॅडिंग-टॉप ५% हे पालकाच्या रुंदीचे ५% असतं. उभ्या चौकटीच्या आत मात्र तेच ५% तिच्या उंचीवरून निघतात. फोनवर चौकट ३३६ रुंद आणि ४७६ उंच, तर आतल्या टिपेचं पॅडिंग १६.८ ऐवजी २३.८ पिक्सेल होतं आणि उभ्या ओळींच्या मधे मोकळे पट्टे दिसतात. टिपांचं पॅडिंग एमवर नेलं.

दुसरी: ब्लॉक-साइझ १००% म्हटलं आणि पालकाची ब्लॉक-साइझ ऑटो असली, तर ते ऑटोच धरलं जातं. हे उंचीच्या बाबतीत सगळ्यांना माहीत असतं. उभ्या मजकुरात हाच नियम रुंदीला लागतो, तेव्हा 'रुंदी १००% देऊनही भरत का नाही' म्हणून तास जातो.

८ ऑगस्ट

उत्पादनाच्या कार्डावर डाव्या कडेला उभी पट्टी: 'कापशी', 'कुरुंदवाडी' असं चपलेच्या प्रकाराचं नाव. कार्ड आडवं, पट्टी व्हर्टिकल-आरएल. पट्टीला इनलाइन-साइझ ३२ पिक्सेल दिलेली होती, ती ३२ पिक्सेल उंच झाली आणि नाव कापलं गेलं. माप फिरतं ते एलिमेंटच्या स्वतःच्या रायटिंग-मोडप्रमाणे, पालकाच्या नव्हे. पट्टीची जाडी म्हणजे तिची ब्लॉक-साइझ.

हीच गोष्ट फ्लेक्समध्ये (चौकटी रांगेत लावण्याची सीएसएस पद्धत) जास्त फसवते. कार्डातला उभा मजकूर आकसावा म्हणून त्याला मिन-इनलाइन-साइझ ० द्यायची सवय असते. पण फ्लेक्सची रांग पालकाच्या दिशेने धावते, आणि हा मुलगा (आतली चौकट) उभा असल्याने त्याची मिन-इनलाइन-साइझ उंचीला लागते. रुंदी आकसत नाही, कार्ड फुगतं. इथे सरळ मिन-विड्थ ० लिहिलं, शेऱ्यासकट. फ्लेक्स आणि ग्रिड (ओळी-रकान्यांची मांडणी) स्वतः आधीपासूनच ओळीच्या दिशेने चालतात: उभ्या कंटेनरमध्ये 'रो' खाली उतरते, आणि ग्रिडच्या कॉलमांची मापं उंचीत मोजली जातात. त्यांना वेगळं काही करावं लागत नाही.

११ ऑगस्ट

देवनागरी उभी कशी लावायची, यावर आज बराच वेळ दिला, कारण कार्डावर सगळ्यात आधी हीच पट्टी नजरेत येते.

व्हर्टिकल-आरएलमध्ये टेक्स्ट-ओरिएंटेशन मूळचं 'मिक्स्ड' असतं. त्यात जपानी अक्षरं उभी राहतात, देवनागरी आणि रोमन अक्षरं मात्र ९० अंशांत उजवीकडे कलंडतात. शिरोरेषा अखंड राहते, फक्त मान वाकडी करून वाचावं लागतं. 'अपराइट' केलं की अक्षराखाली अक्षर येतं, महाद्वार रोडवरच्या दुकानांच्या खांबांवर रंगवलेलं असतं तसं. पण पेंटर जोडाक्षर फोडत नाही आणि प्रत्येक अक्षराला त्याची छोटी शिरोरेषा नीट ओढून देतो. ब्राउझरमध्ये 'अपराइट' देवनागरीत मात्रा आणि जोडाक्षरं कशी बसतील, हे फॉन्ट आणि इंजिन दोन्हींवर अवलंबून राहतं, आणि नावाच्या पट्टीवर तो जुगार नको.

म्हणून दोन मार्ग ठेवले. फक्त ओळख पटवायची तिथे 'मिक्स्ड', कलंडलेलं, अखंड शिरोरेषेचं नाव. मुख्य बॅनरवर मात्र अक्षराखाली अक्षर हवंच होतं. तिथे रायटिंग-मोड वापरलाच नाही. आडव्याच मोडमध्ये प्रत्येक अक्षर स्वतंत्र ब्लॉक: को, ल्हा, पु, री. प्रत्येकाला मिन-ब्लॉक-साइझ १.४एम, मध्यावर मजकूर, चार अक्षरांची पट्टी ५.६एम उंच. अक्षरं हाताने तोडून मार्कअपमध्ये घातली, आणि पडद्यावाचकासाठी पूर्ण शब्द वेगळा दिला, नाहीतर तो सुटी अक्षरं वाचत बसतो. तोडणी स्क्रिप्टने करायची तर ब्राउझरमधलं मजकूर तोडणारं इंटल-सेगमेंटर आहे, पण देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या मूळ प्रमाणात १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. जुन्या फोनवर 'ल्हा'चं 'ल्' आणि 'हा' होऊ शकतं. चार-पाच नावांसाठी हाताची तोडणी बरी.

१२ ऑगस्ट

मराठी वर्णनाची ओळ ६०सीएचवर होती. सीएच म्हणजे रोमन शून्याच्या आकड्याची रुंदी, देवनागरी अक्षराशी तिचा संबंध नाही. फॉन्टचे देवनागरी आणि लॅटिन तुकडे वेगळे उतरत असतील तर तो शून्य नेमका कुठल्या फॉन्टचा, यावरही माप हलतं. शिवाय उभ्या 'अपराइट' मजकुरात त्याच शून्याची रुंदी सोडून उंची धरली जाते. सगळीकडे एमवर आलो: मराठीला मॅक्स-इनलाइन-साइझ ३४एम, जपानीला वरचं ३२एम.

१३ ऑगस्ट

मापांचा तक्ता. सात रकाने: क्रमांक, तळव्याची लांबी, तळाची जाडी, पट्ट्याची रुंदी वगैरे. आडव्या शीर्षकात 'तळव्याची लांबी' एवढ्यानेच रकाना शंभर पिक्सेलच्या आसपास जातो, आणि खाली आकडे दोन-तीन अंकी. म्हणून शीर्षकं उभी.

रायटिंग-मोड तक्त्याच्या ओळीला, ओळींच्या गटाला किंवा रकान्याला लागतच नाही, पेशीला (तक्त्यातल्या एका घराला) लागतो. तरीही तो पेशीवर न देता पेशीतल्या स्पॅनवर (मजकुराभोवतीच्या एचटीएमएल टॅगवर) दिला. पेशी आडवी राहिली की रकान्याची रुंदी, पॅडिंग, सीमारेषा यांचा हिशेब इतर ओळींसारखाच राहतो. स्पॅनला डिस्प्ले वेगळा द्यायची गरज नाही: पालकाहून वेगळा रायटिंग-मोड असलेला इनलाइन एलिमेंट आपोआप इनलाइन-ब्लॉक होतो.

हिशेब: १४ पिक्सेलची अक्षरं, लाइन-हाइट १.५, म्हणजे स्पॅनची ब्लॉक-साइझ २१ पिक्सेल. दोन्ही बाजूंना ६ पिक्सेल पॅडिंग, रकाना ३३. सात रकाने २३१, डावीकडचा नावाचा रकाना ७२, एकूण ३०३. ३६० च्या फोनवर आडवं न सरकवता मावतो. लाइन-हाइट १.२ वर आणून आणखी चार-पाच पिक्सेल वाचवायचा मोह आवरायचा. कलंडलेल्या देवनागरीत वेलांटी, रफार, उकार शेजारच्या रेषेला टेकतात. व्हाइट-स्पेस नोरॅप हवंच, शीर्षक दोन ओळींत गेलं की रकाना सरळ २१ ने वाढतो.

शीर्षक खालून वर वाचलं जावं यासाठी साइडवेज-एलआर ही किंमत आहे. फायरफॉक्समध्ये ती ४३ पासून, क्रोममध्ये मात्र १३२ पासूनच. म्हणून मूळ नियम व्हर्टिकल-आरएल आणि १८० अंशांचा ट्रान्सफॉर्म. सपोर्ट्सच्या अटीत (ब्राउझरला ती किंमत कळत असेल तरच) साइडवेज-एलआर आणि ट्रान्सफॉर्म रद्द. १८० अंशांच्या फिरवण्याने चौकटीचं माप बदलत नाही, पण टेक्स्ट-अलाइनची 'सुरुवात' खालच्या टोकाला जाते. दोन्ही नियमांत शीर्षकं तळाशी टेकतात का, ते वेगवेगळ्या लांबीच्या शीर्षकांवर पाहायचं.

जपानी पानावर हा तक्ता उभ्या लेखाच्या आत ठेवला नाही, बाहेर आडव्या भागात काढला. आत ठेवून त्याला हॉरिझॉन्टल-टीबी दिलं तर लेखाची रुंदी ऑटो असल्याने तक्त्याची टक्केवारीतली कमाल रुंदी निकामी होते. जपानी माप पायाच्या लांबीचं, सेंटिमीटरमध्ये असतं. उभ्या ओळीत '२४' असा दोन अंकी आकडा टेक्स्ट-कंबाइन-अपराइट 'ऑल'ने एका चौकोनात सुंदर बसतो. '२४.५' तसा बसवला तर चार चिन्हं एका अक्षराच्या जागेत चेंगरतात. दशांश असलेली मापं फक्त तक्त्यात.

१८ ऑगस्ट

फोटो. सगळ्या फोटोंना मॅक्स-इनलाइन-साइझ १०० टक्के आणि ब्लॉक-साइझ ऑटो. रायटिंग-मोड वारशाने येतो, त्यामुळे उभ्या लेखातला फोटो लेखाच्या उंचीत बसतो. इनलाइन-साइझ निश्चित ठेवली होती ती इथे कामी आली.

कार्डावरच्या लहान फोटोला इनलाइन-साइझ १२रेम (१ रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराचा आकार, इथे १६ पिक्सेल) आणि आस्पेक्ट-रेशो ४/३ होतं. आस्पेक्ट-रेशो कायम रुंदी भागिले उंचीच असतो, ओळीप्रमाणे फिरत नाही. आडव्या पानात १९२ बाय १४४ चा फोटो उभ्या पानात २५६ बाय १९२ झाला. फोटो ही वस्तू, म्हणून विड्थ १२रेम, 'मुद्दाम भौतिक'. एचटीएमएलमधले विड्थ आणि हाइट हे ॲट्रिब्यूटही भौतिकच असतात. ते काढायचे नाहीत, फोटो उतरायच्या आधी जागा राखली जाते ती त्यांच्यामुळे.

१९ ऑगस्ट

बटणं. हाइट ४० पिक्सेल अशी पक्की उंची होती, उर्दूच्या नस्तालीक फॉन्टमध्ये अक्षरांचे वरचे-खालचे भाग कापले जात होते. मिन-ब्लॉक-साइझ २.७५रेम, पॅडिंग-ब्लॉक ०.५एम, पॅडिंग-इनलाइन १.२५एम. मजकूर उंच झाला तर बटण वाढतं. मराठीतही 'ट्रॅ', 'र्की' यांना हाच फायदा.

२० ऑगस्ट

कार्डांसाठी कंटेनर-टाइप इनलाइन-साइझ, म्हणजे कार्डाच्या मापावरून आतले नियम बदलता येतात. फ्लेक्समधल्या कार्डाला हे दिलं आणि बेसिस (सुरुवातीचं माप) दिली नाही, तर कार्ड शून्य रुंदीचं होतं, कारण या प्रकारात आतल्या मजकुरावरून इनलाइन-साइझ काढायला ब्राउझरला मनाई असते. बेसिस १६रेम आणि ग्रो १ दिलं. कंटेनरच्या अटीत इनलाइन-साइझ चालते आणि ती कंटेनरच्या स्वतःच्या दिशेने मोजली जाते. मीडिया क्वेरीत (पडद्याच्या मापावरच्या अटींत) अशी अट नाही. तिथे मिन-इनलाइन-साइझ लिहिली तर त्रुटी न दाखवता आतले नियम कधीच लागत नाहीत. मीडिया क्वेरी फक्त पानाच्या ढोबळ सांगाड्यासाठी, त्याही भौतिक रुंदीवर.

२२ ऑगस्ट

विकासाच्या मशीनवर जपानी पान नीट, चाचणी सर्व्हरवर मोडलेलं. बिल्डनंतरची (साधनाने तयार केलेली अंतिम) फाइल उघडली: इनलाइन-साइझच्या जागी विड्थ छापलेली. पोस्टसीएसएस-लॉजिकल हे प्लगइन जुन्या ब्राउझरांसाठी लॉजिकल प्रॉपर्टी बिल्डच्या वेळीच भौतिक करून टाकतं, एकच दिशा गृहीत धरून. फक्त आडव्या साइटला ते चालतं. इथे एकच नियम दोन दिशांत वापरायचा आहे, त्यामुळे बिल्डच्या वेळी उत्तर ठरवणं शक्यच नाही. ते ज्या संचात येतं त्या प्रीसेट-एन्व्हमधून तो भाग बंद केला.

जुन्या ब्राउझरांसाठी: इनलाइन-साइझ क्रोम ५७, फायरफॉक्स ४१ आणि सफारी १२.१ पासून आहे. त्याहून मागे जायचं तर आधी विड्थ, लगेच खाली इनलाइन-साइझ. आडव्या पानात दोन्ही एकाच मापावर येतात आणि कॅस्केडमध्ये नंतरची जिंकते. जुना ब्राउझर दुसरी ओळ सोडून देतो. पण उभ्या एलिमेंटवर ही जोडी घातक, तिथे विड्थ ब्लॉक-साइझवर जाऊन बसते आणि दोन्ही लागू राहतात. फक्त कायम आडव्या राहणाऱ्या भागांतच ही जोडी लिहायची.

२५ ऑगस्ट

कॅरोसेलच्या (सरकत्या फोटोंच्या पट्टीच्या) स्क्रिप्टमध्ये ऑफसेटविड्थ होती, ती भौतिक. माप बदललं की कळवणाऱ्या रिसाइझ-ऑब्झर्व्हरच्या कंटेंटबॉक्ससाइझमधून इनलाइनसाइझ घेतली. ती यादी स्वरूपात मिळते, पहिला घटक वापरायचा. त्याच नोंदीतलं कंटेंटरेक्ट भौतिक रुंदी-उंची देतं, ते नको.

२६ ऑगस्ट

उद्या गणेश चतुर्थी, म्हणून सर्व्हरवर आज काही चढवायचं नाही. शेवटची तपासणी मात्र केली: मराठी पानाच्या मूळ एचटीएमएल एलिमेंटवर ब्राउझरच्या डेव्हटूल्समधून तात्पुरता व्हर्टिकल-आरएल. मजकुराच्या चौकटी, बटणं, टिपा वळल्या. वरची पट्टी, फोटो, क्यूआर जागच्या जागी मूळ मापात. किमतीची चिठ्ठी मात्र वळली नाही आणि फोटोवर चढली. तिथे विड्थ ६रेम आहे, शेजारी शेरा नाही. इनलाइन-साइझ केली, ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीत) ठेवली.

२ सप्टेंबर

ब्रँच जोडून चढवलं. 'मुद्दाम भौतिक' शेऱ्याशिवायची विड्थ किंवा हाइट आली की बिल्ड थांबेल, असा लिंट (कोड तपासणारा) नियम लावला. एचटीएमएल ॲट्रिब्यूट आणि एसव्हीजी फाइल त्यातून वगळल्या.